गुडवुड रिव्हायव्हल

इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यात चिचेस्टर शहराजवळच्या गुडवुड मोटार सर्किटवर दरवर्षी सप्टेंबरमध्ये भरणारा जुन्या शर्यती मोटारींचा तीन दिवसांचा मेळावा. १९४८ ते १९६६ या काळात येथे नियमित शर्यती होत असत. त्या काळातल्या मोटारी आणि मोटारसायकली या मेळाव्यात पुन्हा एकमेकींशी झुंजतात. पहिला मेळावा १९९८ साली झाला.

ट्रॅकचा इतिहास : दुसऱ्या महायुद्धात गुडवुड इस्टेटीच्या जमिनीवर ब्रिटिश हवाई दलाचा वेस्टहॅम्पनेट हा तळ होता. युद्धानंतर या तळाभोवतीच्या रस्त्यावर शर्यती घेता येतील, असे टोनी गेझ या ऑस्ट्रेलियन लढाऊ वैमानिकाने इस्टेटीचे मालक, रिचमंडचे नववे ड्यूक फ्रेडी मार्च यांना सुचवले. मार्च स्वतः ब्रुकलँड्स या ट्रॅकवरच्या शर्यती जिंकलेले चालक होते आणि युद्धात बंद पडलेले ब्रुकलँड्स पुन्हा उघडले नव्हते. त्यांनी ही सूचना उचलून धरली. १८ सप्टेंबर १९४८ रोजी ब्रिस्टल ४०० मोटारीतून फेरी मारून त्यांनी सुमारे ३.८ किमी. लांबीच्या या ट्रॅकचे उद्घाटन केले. त्याच दिवशी ५०० सीसी गटात जिंकलेल्या स्टर्लिंग मॉस यांना आदल्या दिवशीच एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती.

पुढे गुडवुड आणि मॉस ही नावे एकमेकांशी कायमची जोडली गेली. १९५८ ते १९६१ अशी सलग चार वर्षे त्यांनी येथील टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. १९५९ च्या शर्यतीत पिटमध्ये इंधन भरताना त्यांच्या अ‍ॅस्टन मार्टिनने पेट घेतला. तेव्हा ते संघाच्या दुसऱ्या मोटारीत बसले व जिंकले. त्या विजयाने अ‍ॅस्टन मार्टिनला स्पोर्ट्स मोटारींचे जागतिक विजेतेपद मिळाले. १९६२ च्या ईस्टर सोमवारी सेंट मेरीज वळणाजवळ झालेल्या भीषण अपघाताने मात्र मॉस यांची अव्वल दर्जाची कारकीर्द संपली. चालक जॅकी स्टुअर्ट यांना १९६४ मध्ये संघप्रमुख केन टायरेल यांनी येथेच चाचणीसाठी बोलावले, आणि तेथून स्टुअर्ट यांच्या यशाला सुरुवात झाली.

मोटारींचा वेग वाढत गेला, तसा हा ट्रॅक अपुरा आणि धोकादायक ठरू लागला. जादा अडथळ्यांची वळणे घालून त्याचे मूळ रूप बदलण्यापेक्षा ड्यूकनी १९६६ मध्ये शर्यती थांबवल्या. त्यानंतर तो चाचण्यांसाठी वापरात राहिला. अशाच एका चाचणीत २ जून १९७० रोजी शर्यतीचे चालक ब्रूस मॅक्लारेन यांचा मृत्यू झाला.

पुनरुज्जीवन : फ्रेडी मार्च यांचे नातू चार्ल्स गॉर्डन-लेनॉक्स (आताचे अकरावे ड्यूक) यांनी ट्रॅक जुन्या रूपात पुन्हा उभा केला. १८ सप्टेंबर १९९८ रोजी, म्हणजे मूळ उद्घाटनाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, आजोबांप्रमाणेच ब्रिस्टल ४०० चालवून त्यांनी तो खुला केला.

स्वरूप : मेळाव्याच्या काळात ट्रॅकच्या आवारात १९६६ पूर्वीच्या वाहनांनाच प्रवेश असतो. प्रेक्षकही त्या काळचे कपडे घालून येतात. शर्यती गटवार होतात. ससेक्स ट्रॉफीत पन्नाशीच्या दशकातील जॅग्वार डी-टाइप, लिस्टर यांसारख्या स्पोर्ट्स मोटारी असतात, तर व्हिटसन ट्रॉफीत फोर्ड जीटी४० आणि लोला टी७० या साठीच्या दशकातील बलाढ्य मोटारी. आरएसी टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) सेलिब्रेशन ही तासाभराची शर्यत मेळाव्याचा मानबिंदू मानली जाते. तीत फेरारी, एसी कोब्रा, जॅग्वार ई-टाइप अशा मोटारी दोन-दोन चालक आळीपाळीने चालवतात. सेंट मेरीज ट्रॉफी सलून मोटारींची असते. सेट्रिंग्टन कपमध्ये मुले ऑस्टिन जे४० या पायडलच्या मोटारी पळवतात.

चालकांचा गौरव : जुन्या चालकांना त्यांच्याच मोटारींच्या सान्निध्यात मानवंदना देण्याची येथे प्रथा आहे. २०१२ मध्ये डॅन गर्नी, २०१३ मध्ये जिम क्लार्क आणि २०१९ मध्ये जॅकी स्टुअर्ट यांच्या गौरवार्थ मोटारींची संचलने झाली. मोटारसायकलींचे माजी विश्वविजेते बॅरी शीन यांनी कर्करोगाशी झुंजत असताना २००२ च्या मेळाव्यात शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. येथील मोटारसायकल शर्यतीला आता त्यांचे नाव आहे.

महत्त्व : संग्रहालयात मोटारीचा आकार, रंग आणि कारागिरी पाहता येते. तिचा आवाज, वळणावर घसरत जाणारी तिची चाल आणि तिला काबूत ठेवण्याचे चालकाचे कसब मात्र वेगातच कळते. अनमोल मोटारींनाही येथे पूर्ण ताकदीनिशी पळवले जाते. त्यासाठी त्या काळचे सुटे भाग घडवणारे आणि इंजिने जुळवणारे कारागीर लागतात, म्हणून त्यांची विद्याही टिकून राहते. २०२४ मध्ये सर्व शर्यती शाश्वत घटक असलेल्या इंधनावर घेण्यात आल्या. बदलत्या काळातही ही यंत्रे धावती राहू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.