हातचे अन्न

ड्रोनने घरपोच आलेले जेवण लोकांना रुचेल काय, ही चर्चा ऐकली की बराकपूरचा १८२४ सालचा प्रसंग आठवतो. ब्रह्मी युद्धासाठी येथील सत्तेचाळिसाव्या पलटणीस चितगावकडे खुष्कीने कूच करण्याचा हुकूम झाला. जातीचे निर्बंध पाळणारा शिपाई आपल्याच पितळी भांड्यांत रांधून खाई. बंदूक, काडतुसे नि पडशी यांवर ती भांडी कोण वाहणार? शिपायांनी बैल मागितले, ते मिळेनात. भत्त्याचीही तक्रार होतीच. कूच नाकारणाऱ्यांवर २ नोव्हेंबरला सरसेनापती पॅजेट याने तोफा चालविल्या. भांड्यांपायी माणसे मेली म्हणून हसणे सोपे आहे. परंतु परमुलखात निघालेल्यास आपले अन्न कोणाच्या हातून येणार, हा प्रश्न क्षुल्लक नसतो.

त्याच ब्रह्मी सरहद्दीलगत, मार्च १९४४ मध्ये, सांगशाक येथे जपानी वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणीस रसद विमानांतून टाकली जाई. तेथे हात पाहण्यास वावच नव्हता. दुःख एवढेच, की बऱ्याचशा छत्र्या शत्रूच्या बाजूस उतरत.

२०१९ साली जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने जेवण आणणाऱ्याचा धर्म पाहून ते नाकारले. ड्रोनला धर्म नाही. अशा गिऱ्हाइकास तो आवडेलही. मात्र आत रांधणारा कोण, हे तो कोणास विचारणार?