वत्सगुल्माचा विसरलेला कविराज

लोकप्रियता आणि प्रभाव या दोन गोष्टी एकच, असें आपण सहज धरून चालतों. कलेच्या इतिहासांत मात्र त्यांची फारकत वारंवार आढळते. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या वाद्यवृंदाची १९६७ सालची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारांत फारशी खपली नाहीं. पुढल्या पिढीच्या कित्येक गायक-वादकांनीं तिलाच गुरुस्थानीं मानलें. तशाच भाग्याचा एक कवि आमच्या वऱ्हाडांत सोळाशें वर्षांपूर्वीं होऊन गेला.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें चौथ्या शतकांत येथें वाकाटकांची स्वतंत्र शाखा स्थापिली. या राजानें महाराष्ट्री प्राकृतांत ‘हरिविजय’ हें महाकाव्य रचिलें. सत्यभामेसाठीं श्रीकृष्णानें स्वर्गींचा पारिजात आणिला, हा त्याचा विषय. रसासाठीं मूळ कथेंत फेरफार करण्याचा कवीचा अधिकार सांगतांना नवव्या शतकांतील काश्मीरच्या आनंदवर्धनानें कालिदासाच्या प्रबंधांजोडीं ‘हरिविजया’चा दाखला दिला. कुंतकानें सुकुमार मार्गाचे आदर्श म्हणून कालिदास व सर्वसेन यांना एका पंक्तीस बसविलें. राजशेखरानें तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मांतच लाविला.

मग असें काव्य नष्ट कां व्हावें? पोथी उतरून घेतली जाते तोंवरच जगते. महाराष्ट्री समजणारा वाचक शतकागणिक विरळ होत गेला. वाचक नाहीं तेथें लेखनिकाला मेहनताना कोण देणार? दुसऱ्या प्रवरसेनाच्या ‘सेतुबंधा’चा हात टीकाकारांनीं सोडला नाहीं, म्हणून तें प्राकृत काव्य वांचलें. ‘हरिविजय’ अखंड उरलें नाहीं. भोजानें आपल्या अलंकारग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेल्या गाथा वेंचून डॉ. वा. म. कुलकर्णी यांनीं त्याचें अंधुक रूप आपल्यापुढें ठेविलें.

राजा सर्वसेनाचें नांवहि असेंच उशिरां परतलें. १९३९ सालीं वाशीमला त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट मिळाला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेख म. म. वा. वि. मिराशी यांनीं पुनः वाचला, तेव्हां आधींच्या विद्वानांच्या नजरेंतून सुटलेलें तें नांव तेथेंहि सांपडलें.

ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठी व प्राकृत या दोहोंना अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा शासन देऊं शकतें. वाचक घडविणें आपल्याच हातीं आहे. उरलेल्या गाथा मराठी अर्थासह वाशीमच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकविल्या जाव्यात, एवढीच आमची मागणी. काव्यशास्त्रकारांनीं ज्याला आदर्श मानलें, त्याला त्याच्या गांवानें निदान नांवानें तरी ओळखावें.