माळवद, पत्रा, स्लॅब, एसी : भांडगाव पट्ट्यातल्या घरांचा गारवा आणि ऊब

भांडगाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवत आणि केडगाव-चौफुला यांच्या मधे आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस दौंड तालुक्यात पोहोचेपर्यंत आटतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि पौष-माघाच्या पहाटे अंग काकडते. जवळच्या पुणे शहरात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश आणि १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदले गेले. एकाच घराला या दोन्ही टोकांना पुरे पडावे लागे. मावळात धो धो पावसामुळे छप्पर उतरते ठेवणे भाग होते. दौंड, शिरूर, इंदापूरकडे पाऊस बेताचा, म्हणून घरावर सपाट मातीचे माळवद आले.

माळवदाला लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि त्यांवर दाटीने बसवलेल्या फळ्या किंवा काटक्या असत. त्यावर पाला-चिपाडांचा थर देऊन चिखल घालत आणि सर्वांत वर पांढरी माती टाकत. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, ही गावरचनेतली जुनी विभागणी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख आणि पडक्या भिंतींचा चुरा मिसळून गावठाणाची माती चिवट झालेली असे. ती ओली झाली की फुगून भेगा बुजवी आणि पाणी खाली उतरू देत नसे. वैशाखात, पावसाला महिनाभर अवकाश असताना, ‘पांढरी टाकायचे’ काम निघे. ढेकळे फोडलेली माती पाट्यांनी वर चढवायची, पन्हळीकडे उतार धरून पसरायची आणि धुमसाने चोपायची. पहिल्या वळवाने कुठे गळती दाखवली, तर वर चढून तेवढी जागा पायाने दाबून घ्यायची.

हे छत म्हणजे त्या घराचे शीतयंत्रच होते. दुपारच्या उन्हाने वरचा थर तापे, पण फूट-दीड फूट मातीतून ती उष्णता आत उतरायला रात्र होई, आणि तोवर माणसे अंगणात किंवा माळवदावरच अंथरूण टाकून झोपलेली असत. दोन-अडीच फुटी भिंती हेच काम बाजूंनी करीत. थंडीत तीच माती दिवसभर मुरलेली ऊब रात्री परत देई. चूल घरातच असल्याने तिच्या उबेची भर पडे आणि धूर छताला ठेवलेल्या भोकातून बाहेर जाई. त्या धुराने घरातल्या बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे मोठे नुकसान केले, हेही सांगितलेच पाहिजे. खोल्या तापवण्याची वेगळी सोय मात्र या भागात कधी नव्हती. सरपण लागे ते स्वयंपाकाला आणि आंघोळीच्या पाण्याला. मधल्या नळीत बुरकुंडे आणि लाकडाच्या ढलप्या जाळून तापणारा तांब्याचा बंब अनेक घरांत होता.

१८५८ मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत रेल्वे आली आणि दूरचा माल गावांच्या जवळ येऊन पडू लागला. त्यात पुढे मंगलोरी कौले आली आणि नालीदार पत्राही आला. पत्र्याला दरसालची पांढरी नको, गळती नाही, लाकूडही कमी लागे. पण सकाळी दहालाच तो तापे आणि थंडीत पहाटे बर्फासारखा गार पडे. त्यावर पाचट किंवा कडबा पसरण्याचा उपाय ऊस आणि जनावरे असणाऱ्या गावांना सहज सुचला. माळवदाची खरी अडचण मात्र त्याचे वजन ही होती. दरवर्षी नवा थर चढे आणि जुना क्वचितच उतरवला जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली हजारो माणसे दबून मेली. त्यानंतर माळवदाकडे पाहण्याची महाराष्ट्राची नजर बदलली. ‘पक्के घर’ म्हणजे सिमेंटचा स्लॅब, हे समीकरण घट्ट झाले.

स्लॅब चार-पाच इंचांचा असतो. दुपारी मुरलेली उष्णता तो संध्याकाळपासूनच खाली सोडू लागतो, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. जुन्या घरातला गारवा छतातच होता. नव्या घरात तो विकत आणावा लागला, आणि त्याला वीज हवी होती. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत विहिरींवर मोटारी बसल्या, घरात दिवा आला आणि पंखाही. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. म्हणून त्याच्यामागून कूलर आला.

कूलरचे तत्त्व या भागाला नवे नव्हते. माठ आणि वाड्यांतल्या वाळ्याच्या ओल्या ताट्या त्याच नियमाने गार राहत. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतून खेचली जाते. दौंडची मे महिन्यातली हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथे उत्तम चालतो. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. शिवाय टाकी भरायला पाणी लागते ते ऐन टंचाईच्या दिवसांत.

एसीला पाणी लागत नाही. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आखलेली रचना त्याच्या मुळाशी आहे. त्याचे माप ‘टन’ मात्र बर्फाच्या धंद्यातून आले. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी. कूलरच्या हिशेबात ते तासाला पाचेक लिटर पाणी झाले.

आता जुना एसी बदलण्याची वेळ आलेली घरेही आहेत. जुन्या यंत्रांत आर-२२ वायू असे. तो ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्यांत बहुधा आर-३२ असतो. त्याचा दाब दीडपटीहून जास्त, तेलही वेगळे. म्हणून ‘गॅस बदलून’ जुने यंत्र चालवता येत नाही. इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही नवे घ्यावे लागतात आणि तांब्याची नळीही बहुतेक वेळा बदलणेच शहाणपणाचे. स्टारची पट्टी एसीवर २०१० पासून सक्तीची आहे, तर २०२० पासून नवा एसी सुरू होतो तो २४ अंशांवर. पण किती टनाचा घ्यायचा, हे खोलीच्या लांबीरुंदीइतकेच वरच्या स्लॅबवरही ठरते. गच्चीला पांढरा चुना फासला किंवा वर सावली केली, तर त्याच खोलीला लहान यंत्र पुरते.

ऊब देणारी साधनेही याच काळात बदलली. चुलीच्या जागी गॅस आला, बंबाच्या जागी गिझर आणि छपरावरचे सौर बंब. हवा गरम करणारा एसीही बाजारात मिळतो, पण तो या बाजूला फारसा दिसत नाही. थंडीचे दिवस थोडे, आणि तेवढ्यांना गोधडी पुरते.