ओठाला लागलेली ऊब

गोष्ट १९७९ सालची. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले आणि पाचवीचा त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी मराठी माध्यमातला बी. ए., भाषा-इतिहास शिकवणारा. मागच्या बाकावरचा एक मुलगा रबरबँड ताणून ओठाला लावत होता. दरडावलं तर म्हणाला, "गुरुजी, ताणलं की गरम होतंय." वर्ग हसला. "रबर म्हणजे काय चूल आहे?" म्हणत मी त्याला तासभर उभं केलं.

निवृत्तीनंतर वाचनात जॉन गफ भेटला. इंग्लंडातल्या केंडल गावचा, जन्म १७५७. देवीच्या रोगात बालपणीच दृष्टी गेलेली. अणुसिद्धांताचा डाल्टन तरुणपणी याच्याकडे शिकला! गफने कोमट पाण्यात मऊ केलेली रबराची पट्टी ओठांना लावून ताणली, तर ऊब जाणवली. सैल सोडल्यावर गारवा. वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं की लांबायच्या ऐवजी आखडतं, हेही त्याने पाहिलं (पाहिलं म्हणजे हाताने, अर्थात). १८०५ साली हे मँचेस्टरच्या विद्वत्सभेच्या ग्रंथात छापून आलं. १८५९ मध्ये जूलने काटेकोर मोजमाप करून दुजोरा दिला.

पण असं का होतं? रबर आतून कसं असतं हेच माहीत नव्हतं. १९२० साली जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर म्हणाला, छोटे छोटे घटक एकमेकांना जोडून हजारोंची लांबच लांब साखळी होते, तेच रबर. म्हणजेच पॉलिमर, मराठीत बहुवारिक. बऱ्याच रसायनज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते तो लहान रेणूंचा नुसता पुंजका होता. श्टाउडिंगर हटला नाही. नोबेल मिळालं १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

या साखळ्या एरवी दोऱ्याच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात. ताणल्या की सरळ एका दिशेला होतात आणि उष्णता बाहेर पडते. सोडल्या की पुन्हा गुंता, आणि त्यासाठी उष्णता आत घेतली जाते.

हे वाचून स्वयंपाकघरातल्या डब्यातून रुंद रबरबँड काढला. वरच्या ओठाला टेकवला, झटकन ताणला. ऊब! ताणलेलाच थोडा वेळ धरला, सैल सोडून पुन्हा टेकवला. चक्क गार. सौभाग्यवती दारातून बघत होत्या. त्यांनाही करून पाहायला लावलं.

तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. त्याचा रबरबँड मी खिडकीतून बाहेर फेकून दिला होता.