भांड्यातले भांडवल

‘भांडवल’ या शब्दात भांडे आहे, पण तो शब्द दिवसभर तोंडात असणाऱ्यांनाही ते दिसत नाही. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये बीजभांडवल, खेळते भांडवल, साहसी भांडवल हे शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतात. त्यातले भांडे मात्र केव्हाच माळ्यावर गेले आहे. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे आधी मडके-पातेले, मग त्यात भरून विकायला न्यायचा माल, आणि शेवटी त्या मालात अडकलेली व्यापाऱ्याची मूळ रक्कम. अमरकोशात पात्र आणि वाण्याचे मूळधन हे दोन्ही अर्थ याच एका शब्दाखाली येतात. हे सारे निव्वळ कोशकारांच्या कुतूहलापुरते राहिले असते. पण तळवड्यापासून दहाएक किलोमीटरवर, पिंपरीत, १९५०च्या दशकात भांडवल खरोखरच भांड्यांच्या रूपाने आले, आणि त्यावरचा परतावा व्याजात नव्हे तर औषधात मागितला गेला. आज ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ म्हणून जी गोष्ट मिरवते, म्हणजे गरीब मुलखातल्या रोग्यांसाठी काही घडवू पाहणाऱ्या नवख्या कंपनीत पैसा घालायचा आणि हिशेब नफ्याबरोबर बऱ्या झालेल्या माणसांचाही ठेवायचा, तिचे कूळ मी या भांड्यांपाशी नेऊन लावतो.

रूढ कुळकथा वेगळी आहे आणि ती एका दमात सांगता येते. २००१ साली अमेरिकेत ॲक्युमेन आणि आपल्याकडे आविष्कार हे गुंतवणूक निधी उभे राहिले. २००७ साली इटलीतल्या बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशनच्या केंद्रात जमलेल्या मंडळींनी ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हा शब्द चालू केला. २००९ मध्ये या गुंतवणूकदारांची जागतिक संघटना झाली. त्याच २००७ साली ॲक्युमेनने मुंबईच्या ‘१२९८’ या रुग्णवाहिका सेवेत पंधरा लाख डॉलर घातले. तिथली भाड्याची रीत पाहण्यासारखी होती: खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पुरते भाडे, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी, आणि अपघातात बेवारस सापडलेल्याकडून काहीच नाही. पेशंटला त्याची ऐपत विचारायची नाही, तो कुठे चालला आहे एवढेच पाहायचे. युक्ती झकास होती. पण हा सगळा इतिहास शब्दाचा आहे. वस्तू आधी येते आणि नाव मागाहून मिळते, असे अनेकदा होते.

शब्दाचा विषय निघालाच आहे, तर ‘भांडवल’मधल्या ‘वल’चे काय? भांडे समजले, उरलेला तुकडा कुठला? ‘बल’ म्हणणारे म्हणतात, पैसा हेच व्यापाऱ्याचे बळ. ‘मूल’ म्हणणारे म्हणतात, भाण्डमूल म्हणजे मालाची मूळ रक्कम. अर्थाने दोन्ही गोड लागतात, पण उच्चार आड येतो. मराठीत दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ सहसा ‘ळ’ होतो: फल-फळ, काल-काळ, बल-बळ, मूल-मूळ. या वाटेने गेलो तर हाती ‘भांडवळ’ यायला हवा होता. ‘ल’ टिकतो तो जिथे प्राकृतात तो दुहेरी होता तिथे: गल्ल-गाल, बिल्व-बेल, मूल्य-मोल. म्हणून माझा कौल ‘भाण्डमूल्य’ला. भाण्डमूल्य, भांडमोल आणि भांडवल. मधल्या ‘म’चा ‘व’ होणे म्हणजे ग्रामचे गाव आणि नामचे नाव होण्याइतकेच घरचे. कोणी म्हणेल, कवडीमोल आणि मातीमोल यांत ‘म’ शाबूत आहे, मग इथेच का गळला? त्याचे उत्तर असे की त्या शब्दांत ‘मोल’ अजून वेगळा ऐकू येतो. भांडवलात तो फार लवकर विरला असणार, कारण तुकोबांच्या गाथेत हा शब्द आजच्याच रूपात आणि आजच्याच अर्थाने येतो.

माझ्या विरुद्धची खरी साक्ष शेजाऱ्यांची आहे. कानडीत भांडवलाला ‘बंडवाळ’ म्हणतात आणि गुजरातीत निधीला ‘भंडोळ’, दोन्हीकडे ‘ळ’. कानडीचे एक वेळ सोडून देता येईल, ती आपल्या चालीने चालते. पण गुजराती तर मराठीचाच नियम पाळते, तिथेही मूळ आणि मोल वेगळे आहेत. ‘भंडोळ’ सरळसरळ ‘मूल’कडे बोट दाखवतो. तरी मी हटत नाही. एकाच भांड्याला गुजरातेत मूल जोडले गेले आणि देशावर मूल्य, अशी दोन जोडकामे शेजारी-शेजारी झाली असावीत. दर्यावरच्या व्यापाऱ्याला मुदलाची काळजी, घाटावरच्या उदमीला मोलाची! हा शेवटचा भाग अंदाज आहे, आणि मला तो आवडतो हे कबूल केलेले बरे.

आता दुसरे भांडे. पेनिसिलिनचा सारा इतिहासच भांड्यांचा आहे. फ्लेमिंगने १९२८मध्ये बुरशी पाहिली ती काचेच्या बशीत. ऑक्सफर्डला १९४०च्या सुमारास ती वाढवायची वेळ आली तेव्हा नॉर्मन हीटलीने रुग्णालयातली बेडपॅन वापरली, आणि मग त्याच घाटाची चिनी मातीची शेकडो भांडी कुंभारकारखान्यातून करून घेतली. बुरशी पृष्ठभागावर साय धरावी तशी वाढायची, म्हणून भांडे उथळ आणि पसरट लागे. अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत मक्याचा स्टार्च काढताना उरणारे पाणी तिला खाद्य म्हणून मानवले, आणि खोल टाकीत हवा फुंकून ती आतल्या आत वाढवता येऊ लागली. १९४४ साली बर्फाच्या एका जुन्या कारखान्यात अशा टाक्या बसल्या आणि पेनिसिलिन दुर्मिळ राहिले नाही. थोडक्यात, बुरशी सगळ्यांकडे होती. खोल टाकी आणि ती चालवण्याचे कसब मोजक्यांकडे होते. नव्या स्वतंत्र देशाला पेनिसिलिन हवे तर त्याला भांडे हवे होते.

ते पिंपरीला आले. भारत सरकारने यूनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेशी करार केला. यूनिसेफकडून साडेआठ लाख डॉलरची यंत्रसामग्री, आरोग्य संघटनेकडून साडेतीन लाख डॉलरचे तांत्रिक साहाय्य, आणि जमीन, इमारत, माणसे सरकारची. १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी नोंदली गेली, १९५५मध्ये उत्पादन सुरू झाले. पिंपरीकर तिला आजही नुसते ‘एच.ए.’ म्हणतात. यूनिसेफची त्या काळची रीत काय होती, हे त्याच वेळी त्याच मुंबई राज्यातल्या आणंदच्या दुधावरून कळते: दूध भुकटीच्या कारखान्याची यंत्रे यूनिसेफने दिली आणि मोबदल्यात त्यांच्या किमतीच्या दीडपट दूध गरजू मुलांना द्यायचे ठरले. यात दीडपट हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. दान असते तर आकडा कशाला? मुद्दल यंत्रात मोजले, परतावा दुधात मोजला, आणि परतावा मुदलाहून जास्त ठेवला. याला गुंतवणूक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

पण तुकोबांचे देहू तळवड्याला लागूनच, इंद्रायणीच्या काठी. त्यामुळे इथे एक आक्षेप घरातूनच येतो: नफ्याला वेसण घालणारी परंपरा आपल्याकडे पिंपरीच्या कितीतरी आधीची आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दामदुपटीचा नियम तर इंग्रजी कोर्टांनीही मुंबई इलाख्यात पाळला. थकलेले व्याज मुदलाएवढे झाले की त्यापुढे मागता येत नसे. ही उदाहरणे मला मोठी वाटतात, पण ती या कुळातली नाहीत. सावकार आणि कूळ अशा दोन माणसांतच हा व्यवहार सुरू होतो आणि संपतो. यूनिसेफच्या व्यवहारात तिसरा माणूस आहे: पैसा न घातलेला आणि कर्जही न घेतलेला, म्हणजे अंथरुणावरचा रोगी किंवा दुधाचा पेला हातात धरलेले पोर. परतावा त्याच्या पदरात पडतो. १२९८च्या गाडीतही तोच आहे. तिसरा नसेल तर ती कर्जमाफी असेल, धर्म असेल, पण इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग नाही. (या प्रकाराला मराठीत ‘प्रभाव गुंतवणूक’ म्हणू लागले आहेत. प्रभाव वक्त्याचा पडतो. औषधाचा गुण येतो. ‘गुण’ हा शब्द हाताशी असताना आपण प्रभावाच्या मागे का लागलो, कोण जाणे.)

दुसरा आक्षेप सोपा आहे आणि जास्त बोचतो: एच.ए. देण्यांत बुडाली. तोटा साचत गेला, कंपनी आजारी ठरली, आणि २०१६च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवायचे आणि कंपनीही विकायला काढायचे ठरवले. मग हे कसले मूळपुरुष? पण कूळ लावताना मूळपुरुष श्रीमंत मेला की कंगाल, हे पाहत नाहीत. आणि परतावा आलाच नाही असेही नाही. साठच्या दशकात कंपनीतले संशोधक तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच हामायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले, त्यापाठोपाठ पिकांसाठी ऑरिओफंजिन. परदेशी टाक्यांत दुसऱ्याची पाककृती शिजवायला बसलेल्यांनी स्वतःची काढली.

माझा मुद्दा एवढाच नाही. भांड्याच्या रूपात आलेल्या भांडवलाचा एक गुण रोख रकमेत नसतो: त्याला दुसरीकडे जाता येत नाही. तळवडे-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. औषध कंपनीचे व्हेसल बनत असते. पत्रा ३१६ एल, दोन्ही टोकांना डिश एंड, बाहेरून जॅकेट, आर्गनची वेल्डिंग, आणि आतून बफिंग इतके की सांध्यावर बोट फिरवले तर सांधा सापडू नये, कारण त्या फटीत जंतू बसतो. मग पाणी भरून दाब देतात. असे भांडे एकदा बनले की त्यातून फ्लॅट घेता येत नाही, जाहिरात करता येत नाही. ते आंबवणार, नाहीतर गंजत पडणार. रोख पैशाचे तसे नसते. स्वस्त रक्ततपासणीसाठी घेतलेला पैसा दोन वर्षांत महागड्या वेलनेस पॅकेजकडे वळतो आणि कोणाला दोष देता येत नाही.

म्हणून पुढच्या पिढ्यांनी रोख दिली तरी तिला भांड्यासारखा आकार द्यायचा प्रयत्न केला. मेनिंजायटिसच्या लसीसाठी गेट्स फाउंडेशनने २००१मध्ये सात कोटी डॉलर दिले; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लस बनवायची, पण डोस पन्नास सेंटच्या आत, कारण आफ्रिकी देशांना तेवढेच परवडत होते. २०१०च्या डिसेंबरात बुर्किना फासोत ती टोचली गेली. इथे किमतीची अट हेच भांडे. जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या बिराक या केंद्र सरकारच्या संस्थेचे नवउद्यमींना मिळणारे पन्नास लाखांपर्यंतचे अनुदान ठरलेले टप्पे गाठल्यावर हप्त्यांनी सुटते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातल्या व्हेंचर सेंटरमधून ते चालते. ते भांडे जरा उथळ, पण भांडेच. आयटी पार्कमधला आरोग्याचा ॲप मात्र माझ्या सिद्धान्तात नीट बसत नाही. त्याला टाकी लागत नाही, जागा लागत नाही, आणि तो सकाळी क्षयाचा तर संध्याकाळी केसगळतीचा होऊ शकतो. अशा कंपनीत पैसा घालणाऱ्याने त्याला कोणते भांडे द्यावे, याचे उत्तर करारपत्राच्या मसुद्यातच शोधावे लागेल; माझ्या मते ते पन्नास सेंटच्या अटीच्या जातीचे असेल.

राहिला ‘वल’. जुन्या जमाखर्चात, रोजकीर्दीत किंवा एखाद्या महानुभाव पोथीत ‘भांडमोल’ असे रूप कोणाला आढळले, तर त्यांनी ते जरूर प्रसिद्ध करावे. माझी बाजू पक्की होईल. ‘भांडवळ’ आढळला तर तेही प्रसिद्ध करावे, मी गुजराती भंडोळापुढे हार मानीन.