सनद क्रमांक ३४२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचा इतिहास लिहिताना आपण शाळा, वृत्तपत्रे, इस्पितळे आणि सरकारदरबारी रुजू झालेले अर्ज यांचा हिशेब तपशीलवार मांडतो. परंतु ज्या सभा-मंडळ्यांत नुसती बसावयास जागा मिळावी म्हणून त्या काळच्या काही माणसांनी पदरमोड केली, अपमान गिळले आणि प्रसंगी समुद्र ओलांडला, त्यांच्या उंबरठ्यावर काय घडले इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. फ्रीमेसन मंडळींचे लॉज ही अशीच एक संस्था. तिच्या गुप्ततेविषयी जितके लिहिले गेले आहे, त्याच्या दशांशानेही तिच्या दारावरच्या या भांडणाविषयी लिहिले गेलेले नाही. आणि माझ्या मते तिच्या साऱ्या कथित गूढांपेक्षा हे भांडणच अधिक बोधप्रद आहे.

२४ जून १७१७ रोजी लंडनमधील एका मद्यगृहात चार लॉजांनी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापिले, आणि १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या धर्मोपदेशकाने त्याची घटना छापली. गवंड्यांचा गुण्या, ओळंबा, पाणसळ आणि कंपास ही हत्यारे नीतीची प्रतीके म्हणून स्वीकारणाऱ्या या मंडळींनी आपल्या घटनेत धर्माबाबत विलक्षण उदार भूमिका घेतली होती. सर्व माणसांना मान्य होईल एवढाच धर्म सभासदाकडून अपेक्षित असून बाकीची मते त्याची त्याने आपल्यापाशी ठेवावीत, असा तिचा आशय होता. कागदावर हे ठीक होते. लंडनच्या मद्यगृहात मतभेद व्हावयाचा तो फार तर एका ख्रिस्ती पंथाचा दुसऱ्या ख्रिस्ती पंथाशी. या कलमाची खरी परीक्षा होणार होती ती जेथे अग्निपूजक, मुसलमान, यहुदी आणि हिंदू एकाच गल्लीत राहत होते अशा एखाद्या बंदरात.

हिंदुस्थानात पहिले लॉज १७३० मध्ये कलकत्त्यास निघाले. मुंबईस १७५८ मध्ये. कंपनीचे मुलकी आणि लष्करी अधिकारी, दर्यावर्दी आणि युरोपियन व्यापारी हेच त्यांचे सभासद. एक अपवाद मात्र फार लवकर घडला: कर्नाटकच्या नबाबाचा वडील मुलगा उमदत-उल-उमरा यास त्रिचनापल्लीस १७७५ च्या सुमारास दीक्षा देण्यात आली आणि लंडनच्या ग्रँड लॉजने त्याच्याकडे मोठ्या सन्मानाने ॲप्रन आणि घटनेची प्रत रवाना केली. परंतु नबाबजाद्याला आत घेणे ही मुत्सद्देगिरी होती. ज्याच्यापाशी ना फौज ना मुलूख, अशा एखाद्या शिकलेल्या नेटिवाने स्वतःच्या लायकीवर प्रवेश मागितला तर काय करावयाचे, हा प्रश्न पुढे सुमारे पाऊणशे वर्षे शिल्लकच राहिला.

तो मागणारा माणूस मुंबईत निघाला. माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) हे पारशी समाजातील एक सुविद्य, श्रीमंत आणि कमालीचे चिकट गृहस्थ. पुढे ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. बंद दारांशी त्यांचा परिचय जुना होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांचे नाव एकदा फेटाळले होते. पण लंडनच्या मूळ संस्थेने त्यांना सभासद करून घेतल्यावर मुंबईकरांना फार काळ हटून बसता येईना, आणि १८४० मध्ये त्या शाखेचे पहिले हिंदी सभासद म्हणून ते टाउन हॉलच्या पायऱ्या चढले. हीच युक्ती त्यांनी लॉजच्या बाबतीतही करून पाहिली.

येथे लॉजमधील निवडणुकीचा जाबता थोडा जवळून पाहिला पाहिजे, कारण सारे इंगित त्यात आहे. उमेदवाराचे नाव कोणा सभासदाने सुचवावयाचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यावयाचे, आणि मग एक लाकडी पेटी सभासदांपुढून फिरवावयाची. प्रत्येकाने तीत मुठीतली एक गोळी टाकावयाची: होकाराची पांढरी, नकाराची काळी. हात पेटीच्या आत जात असल्याने कोणी काय टाकले हे शेजाऱ्यालाही कळू नये. दोन-चार काळ्या गोळ्या निघाल्या, पुष्कळदा एकच निघाली, की अर्ज निकालात! कोणी कारण देण्याची गरज नाही, कोणी उभे राहून हरकत घेण्याची गरज नाही, आणि ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्याला अपील करावयास जागाही नाही. वर्णद्वेषाला याहून सभ्य हत्यार क्वचितच लाभले असेल. घटनेतील बंधुभावाचे एक अक्षरही न खोडता एका गोळीने ती सारी घटना रद्दबातल करता येत असे.

माणेकजींचा अर्ज मुंबईच्या 'परसिव्हिअरन्स' लॉजने नाकारला. ते विलायतेस गेले. तेथेही त्यांचे काम झाले नाही. शेवटी पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली, आणि रीतसर मेसन होऊन हे गृहस्थ मुंबईस परतले. आता प्रश्न उमेदवारीचा उरला नव्हता. आता ते, निदान नियमाप्रमाणे, 'ब्रदर' होते. तरीही 'परसिव्हिअरन्स'ने त्यांना पुन्हा बाहेरच ठेवले.

या पेचातून वाट काढली ती डॉ. जेम्स बर्न्स यांनी. हे स्कॉटलंडमधील माँट्रोझ गावचे, रॉबर्ट बर्न्स कवीच्या भाऊबंदांपैकी. कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असता ते काही काळ कच्छमध्ये भूजच्या रेसिडेन्सीत होते, आणि तेथून सिंधच्या अमिरांच्या दरबारी औषधोपचारासाठी जाऊन आल्यावर त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तकही लिहिले होते. स्कॉटिश ग्रँड लॉजने पश्चिम हिंदुस्थानची मुखत्यारी त्यांच्याकडे सोपविली होती; तेव्हा नव्या लॉजला सनद मिळवून देणे त्यांच्या हातचे होते. १५ डिसेंबर १८४३ रोजी त्यांनी मुंबईत हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज उघडले. स्कॉटिश दफ्तरात त्याचा क्रमांक ३४२.

हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. बर्न्स यांचे धाकटे बंधू सर अलेक्झांडर आणि त्याहून धाकटे चार्ल्स हे दोघेही २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलच्या जमावाकडून मारले गेले होते. आणि ज्या अमिरांचा पाहुणचार जेम्सने घेतला होता, त्यांचे राज्य १८४३ च्या फेब्रुवारीत मियानीच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती नेपियरने घशात घातले होते. सूडाच्या आणि विजयाच्या अशा हवेत कंपनीच्या एका नोकराने नेटिवांना 'बंधू' म्हणण्याचा घाट घालावा, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र त्याला संतपदी बसविण्याचे कारण नाही. राज्य चालवावयाचे तर पेढीवाले आणि विद्वान नेटिव आपल्या पंक्तीला बसलेले बरे, एवढा धूर्तपणा त्या पिढीच्या पुष्कळ स्कॉट अंमलदारांपाशी होता, आणि बर्न्सपाशी तो नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

शिवाय त्याने केले काय, हेही नीट पाहिले पाहिजे. ज्या दाराची कडी आतून घातलेली होती ते दार त्याने उघडलेच नाही. त्याच भिंतीत शेजारी दुसरे दार पाडले. 'परसिव्हिअरन्स'मधील गोळ्यांची पेटी जागच्या जागी राहिली. नव्या लॉजमध्ये पारशी आणि मुसलमान गृहस्थ आले, बर्न्स स्वतः तेथे मास्टरच्या आसनावर बसले, आणि एकदा दीक्षा झालेला मनुष्य इतर लॉजांत पाहुणा म्हणून जाऊ लागला की त्याला अडविणे दिवसेंदिवस अवघड होत जाईल, या हिशेबावर बाकीचे सोपविले गेले. हिशेब सावकाश, पण खरा ठरला. शपथ घेताना ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवावा ही व्यवस्था अशा लॉजांत रूढ झाली, आणि हिंदुस्थानातील लॉजांच्या वेदीवर बायबलाशेजारी अवेस्ता, कुराण आणि कालांतराने गीताही विसावली.

हिंदूंना मात्र वाट पाहावी लागली, आणि ती केवळ साहेबांच्या आडमुठेपणामुळे नव्हे. मेसनांची अट एका परमेश्वरावरील श्रद्धेची. मूर्तिपूजक आणि बहुदेववादी मानल्या गेलेल्या हिंदूने ती पुरी कशी करावी, यावर वाद घालणारे साहेब होतेच. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांचे नाव १८६३ मध्ये सुचविले गेले. प्रांतप्रमुखाच्या मंजुरीवाचून एशियाटिकास घेऊ नये या तिकडच्या नियमाची ढाल पुढे करण्यात आली, आणि प्रकरण लंडनपर्यंत जाऊन दीक्षा पदरात पडावयास १८७२ साल उजाडले. पण दुसरी अडचण आपल्या घरची होती. लॉजचे काम आटोपले की सर्वांनी एका मेजावर जेवावयाचे, हा तेथील दंडक. ज्या १८४३ साली 'रायझिंग स्टार' निघाले त्याच साली मुंबईची ब्राह्मणमंडळी एका वेगळ्याच पंक्तीवरून हातघाईवर आली होती: मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटत होते, आणि त्यापायी त्यांच्यावरच ग्रामण्याचे सावट आले होते. 'दर्पण'कार जांभेकरांसारख्या मान्यवर पंडिताची ही गत, तर पारशी, मुसलमान आणि साहेब यांच्यासह मेजावर बसून घास घेणाऱ्या सामान्य शेणव्या-ब्राह्मणाचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, दादोबा पांडुरंगांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा निघाली. तीही गुप्त, तिच्यात येणाऱ्याने जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावयाचा असे. लॉजशी तिचा संबंध जोडण्यास पुरावा नाही आणि मी तो जोडीतही नाही. पण एकाच शहरातील या दोन बंद खोल्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मेसनांची गुप्तता ही बव्हंशी समारंभाची बाब होती. इंग्लंडात १७९९ च्या कायद्यान्वये लॉजांनी आपल्या सभासदांची नावे, पत्ते आणि धंदे दरसाल सरकारी दफ्तरात दाखल करावेत असा हुकूम होता, आणि मंडळी तो पाळीत होती. परमहंसांची यादी उघड होणे म्हणजे मात्र घरदार, सोयरीक आणि अंत्यसंस्काराचे चार खांदेकरी यांना मुकणे होते. १८६० मध्ये ती नावे फुटली आणि सभा विरून गेली. लॉजच्या दारात नागवी तलवार घेऊन उभा असणारा टायलर शोभेचा. खरे पहारे बसविले होते ते आमच्या जातींनी!

'रायझिंग स्टार'ला सर्वांत मोठा माणूस लाभला तो खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या रूपाने. १८५४ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढील अर्धशतकात अवेस्तेचे संशोधन, पारशी समाजाची सुधारणा आणि मेसनांचे शिक्षणनिधी हे तिन्ही उद्योग एकाच निष्ठेने चालविले. त्यांच्या मेसनजीवनाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९०७ मध्ये जीवनजी जमशेदजी मोदींनी गौरवग्रंथ संपादिला. एव्हाना देशभर लॉजांत हिंदी सभासदांची रीघ लागली होती. कलकत्त्यास १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांनी दीक्षा घेतली. लाहोरास १८८६ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने ती घेतली, आणि तेथील मिश्र बैठकीची आठवण पुढे कवितेत आणली. साम्राज्याचा तो भाट बाहेरच्या रस्त्यावर ज्या समतेला जागा देत नाही तिचे खोलीच्या आत मनापासून कौतुक करतो, ही विसंगती त्या साऱ्या व्यवस्थेचीच होती.

मुंबईच्या मेसनांची फोर्टातील आजची वास्तू १८९७ ची, जुन्या रॅव्हलिन स्ट्रीटवर. दीर्घकाळ रस्त्यावरच्या माणसाला तिची बंद कवाडेच तेवढी ठाऊक. आत काय चालते याविषयी देशभर जे तर्क चालत त्यांतूनच उत्तरेकडे लॉजला 'जादूघर' हे नाव पडले होते. आता तेथे आगाऊ परवानगीने बाहेरच्यांना वास्तू दाखविली जाते, आणि आत गेलेल्यांस काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेस मास्टरचे उंच आसन आणि मध्ये वेदी, एवढाच ऐवज आढळतो. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीस हिंदुस्थानचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन होऊन रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान त्याचे पहिले ग्रँड मास्टर झाले; पण जुन्या लॉजांना विलायती सनद टिकविण्याची मुभा राहिली आणि काहींनी ती आजतागायत टिकविली आहे.

माणेकजींनी १८६३ मध्ये, स्वजातीतील पुष्कळांची नाराजी पत्करून, भायखळ्याच्या आपल्या बंगल्यात मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. ती 'अलेक्झांड्रा' शाळा आता फोर्टात, मेसनांच्या वास्तूपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर भरते. ज्या बंधुमंडळात शिरावयास तिच्या संस्थापकाला पॅरिस गाठावे लागले, त्याच्या नियमांत स्त्रियांना सभासद करून घेण्याची तरतूद अजूनही नाही.