प्राणिवर्गीकरणाचे शालेय अध्यापन

साम्य-भेद पाहून प्राण्यांचे गट पाडण्याची रीत शाळकरी मुलांना शिकवणे. महाराष्ट्रात मराठी माध्यमात हा विषय प्राथमिक इयत्तांत परिसर अभ्यासातून आणि सहावीपासून सामान्य विज्ञानातून येतो. संघ व वर्गांचा तपशील दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये आहे. या नोंदीत मुख्यतः लहान वयाच्या टप्प्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन भाग केले होते. आजच्या पृष्ठवंशी-अपृष्ठवंशी विभागणीशी ते ढोबळमानाने जुळतात. चरकसंहितेत मांसाचे गुण सांगताना प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर व प्रतुद असे आठ गट येतात. तेथे निकष आहे राहण्याची जागा आणि खाण्याची लकब. विष्किर उकरून-विखरून खातात, प्रतुद चोचीने टोचून. अंगणात कोंबडी व कबुतर यांना दाणे टाकले तर हा फरक मुलांना पाच मिनिटांत दिसतो, पण शाळेत तो कोणी दाखवत नाही. मराठी संतसाहित्यातल्या जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज या चार खाणी जन्माच्या प्रकारावर आधारलेल्या असून त्यांत वनस्पतीही येतात. कार्ल लिनीअसने १७३५ च्या ग्रंथात देवमाशाला माशांतच बसवले होते. सस्तन वर्गात तो गेला १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत. तज्ज्ञाला हा प्रश्न सोडवायला तेवीस वर्षे लागली. मुलांना आपण एक तासिका देतो.

निकषांचा क्रम : मूल प्रथम पाळीव व जंगली हे गट शिकते. मग शाकाहारी-मांसाहारी, त्यानंतर जलचर-भूचर-उभयचर आणि शेवटी पाठीचा कणा. पहिले तीन निकष उपयोगाचे, आहाराचे आणि वस्तीचे आहेत. शरीररचनेचा फक्त चौथा. म्हणजे आधीचे तीन बाजूला ठेवल्याखेरीज चौथा हाती लागत नाही. हे गट चुकीचे आहेत असे नाही, पण प्रत्येक वेळी निकष बदलला आहे हे मुलांना स्पष्ट सांगितले जात नाही, आणि या विषयातल्या बहुतेक गोंधळांचे मूळ तेथे आहे.

शब्दांमुळे होणारे घोटाळे : 'उभयचर' हा शब्द मूल आधी वस्ती म्हणून शिकते आणि नंतर तोच शब्द वर्गाचे नाव म्हणून समोर येतो. साहजिकच कासव, मगर, खेकडा, कधी बदकही त्या रकान्यात जाऊन बसते. बेडकाची ओलसर, खवलेहीन त्वचा, पाण्यातली बुळबुळीत अंडी आणि कल्ल्यांनी श्वास घेणारा बेडूकमासा या खुणा दाखवल्या की कासव आपोआप बाहेर पडते, कारण ते कवचाची अंडी जमिनीवर घालते. सह्याद्रीतले देवगांडूळ तर याच्या उलट. ते उभयचर वर्गातले, पण त्याच्या काही जातींना पाण्यातली डिंभावस्थाच नसते. नावात गांडूळ असले तरी त्याला पाठीचा कणा असतो. मराठी नावांची ही यादी मोठी आहे. देवमासा मासा नव्हे आणि समुद्रघोडा मात्र मासाच. सापसुरळीला पाय असतात, खवल्या मांजर मांजराच्या कुळातले नाही आणि गोगलगाय मृदुकाय प्राणी आहे. याउलट वाळा साप खराखुरा साप असूनही मुले त्याला गांडूळ म्हणतात. हे घोटाळे चूक म्हणून खोडण्यापेक्षा धड्याची सुरुवात म्हणून वापरणे अधिक फायद्याचे.

'प्राणी' हा शब्दही घरात फक्त चार पायांच्या जनावरांसाठी वापरला जातो; 'प्राणी आणि पक्षी' असे तक्ते भिंतींवर टांगलेले असतात. ही अडचण केवळ मराठीची नाही. संशोधक बेव्हर्ली बेल यांना न्यूझीलंडमधल्या मुलांत १९८० च्या सुमारास हेच आढळले : गाय हा प्राणी, पण कोळी, गांडूळ किंवा माणूस याबद्दल मुले साशंक.

किनारपट्टीवरच्या शाळांना एक साधन आयते मिळते. बाजारात बांगडा, कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या सगळी 'मासळी'च. ताटलीत बांगडा आणि कोळंबी शेजारी ठेवून मुलांना पाठीवरून बोट फिरवायला सांगावे. बांगड्याचा मधला काटा हाच त्याचा कणा, हे बहुतेकांना त्या क्षणी प्रथमच उमगते, कारण घरी त्याला कोणी कणा म्हणत नाही. कोळंबीत काटा सापडत नाही. वर कवच असते आणि पाय सांध्या-सांध्यांचे. कुर्लीचे पाय मोजले तर नांग्या धरून दहा भरतात. कोळ्याचे आठ, झुरळाचे सहा.

बालमानसशास्त्र : जाँ पियाजे व बार्बेल इन्हेल्डर यांच्या मते सात-आठ वर्षांपूर्वी मुलांना गटातला उपगट सांभाळणे जड जाते. फुलांत बहुतेक एकाच जातीची असली, तर 'ती जास्त की फुले जास्त?' या प्रश्नाला मूल त्या जातीचे नाव सांगते. ही वयोमर्यादा सर्वांना मान्य नाही.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम : मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुले प्रथम साध्या वस्तूंचे गट पाडत, निकष स्वतः ठरवत आणि मग सजीवांकडे वळत. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला.

उत्क्रांतीशी संबंध : आधुनिक वर्गीकरण समान पूर्वजावर आधारलेले आहे. त्या हिशेबाने पक्षी सरीसृपांच्या शाखेत येतात, पण शालेय पुस्तकांत त्यांचा वर्ग स्वतंत्रच आहे. एनसीईआरटीच्या २०२२ च्या फेररचनेत नववीचे सजीवविविधतेचे प्रकरण आणि दहावीचा उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्यावर मतभेद आहेत.

समतोल : ज्ञात प्राणिजातींत पृष्ठवंशी पाच टक्केही नाहीत. पाठांत मात्र त्यांनाच अधिक जागा.

मूल्यमापन : 'फरक स्पष्ट करा', 'जोड्या लावा' आणि 'गटात न बसणारा ओळखा'. चिमणी, कावळा, पोपट, वटवाघूळ यांत अपेक्षित उत्तर वटवाघूळ असते. रंगावरून पोपट निवडणाऱ्या मुलाला गुण मिळत नाहीत, कारण प्रश्नात निकष दिलेला नसतो आणि उत्तरात तो विचारलेलाही नसतो.